बिनआरशाचा लेसर

८ जानेवारी, सोमवार

निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि आज पुन्हा पांढरा कोट अंगात घातला. बटणं लागली, ही दिवसातली पहिली आनंदाची गोष्ट.

रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासनीस होते. ज्या लेपात बुडबुडा दिसला, कण दिसला, तो परत पाठवायचा, एवढंच माझं काम. माझ्या नावाने लोक कडाकडा बोटं मोडायचे. आता विद्यापीठाच्या प्रकाश प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी बोलावणं आलंय, प्लास्टिकच्या पातळ फिल्म करून द्यायला. खोली तिसऱ्या मजल्यावर. अर्ध्या खोलीत काळा पडदा आणि त्यामागे लेसरचं टेबल, अर्ध्या खोलीत मी, माझं ओव्हन आणि धूर ओढणारं कपाट.

माझी साहेब म्हणजे एक तिशीची पोरगी. तोंडावर मी तिला मॅडम म्हणते, इथे पोरगीच लिहिणार. पहिल्या पाच मिनिटांत तिने मला काकू करून टाकलं. म्हणाली, "काकू, मला प्रकाश कळतो. पण माझ्या हातची फिल्म म्हणजे वाळलेला डिंक. ते तुम्ही बघा."

तिला काय करायचंय ते तिने फळ्यावर काढून दाखवलं. नेहमीच्या लेसरमध्ये समोरासमोर दोन आरसे असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो आणि दर फेरीला वाढतो. हिला आरसेच नकोत. स्वच्छ प्लास्टिक, म्हणजे पॉलिमर, घ्यायचं. त्यात झगझगीत गुलाबी रंगद्रव्य विरघळवायचं आणि आपण पांढऱ्या रंगात घालतो ती टायटॅनियमची पावडर मिसळायची. प्रकाश त्या कणांवर आपटत, ठेचकाळत फिल्ममध्ये भटकेल आणि भटकता भटकताच वाढेल.

"जमलं, तर भिंतीवर ब्रशने लावता येईल असा लेसर होईल," ती म्हणाली.

"एक कोट की दोन?" मी विचारलं.

ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

११ जानेवारी, गुरुवार

पहिली फिल्म ओतली. पोरीने लिहून दिलेल्या कृतीप्रमाणे पॉलिमर विरघळवलं, रंगद्रव्य घातलं, पावडर तोलून टाकली, चार तास ढवळलं. मग अर्थातच गाळून घेतलं. कृतीत तसं लिहिलेलं नाही, पण हात धुऊन कामाला लागा असंही कुठे लिहिलेलं असतं? कपाटात सिरिंजला लावायचे फिल्टर होते. त्यातला सर्वांत बारीक छिद्रांचा निवडला. फिल्टरवर हा एवढा पांढरा गाळ! पावडर विकणाऱ्याची मलाच लाज वाटली. सगळा बेसिनमध्ये धुऊन टाकला.

फिल्म वाळली तेव्हा पोरीने ती खिडकीशी धरली. "काकू, ही तर काच आहे! गुलाबी काच!" मला कळतं की ती मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होती. पण फिल्म खरंच सुंदर होती. शोधूनही एक बुडबुडा सापडला नसता.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज पहिली परीक्षा. पडद्याआड हिरव्या प्रकाशाचे झटके फिल्मवर सोडतात. फिल्म पेटल्यासारखी केशरी उजळते आणि संगणकाच्या पडद्यावर त्या उजेडाचा आलेख उमटतो. आज उमटला तो रुंद, पसरट डोंगर. डोंगर म्हणजे नुसतं चमकणं. लेसर झाला तर त्याच डोंगरातून सरळ वर जाणारी बारीक सुई निघते.

सुई निघेना म्हणून पोरीने हिरव्याचा जोर वाढवला. अजून वाढवला. शेवटी डोंगर कायम राहिला आणि माझ्या फिल्मला भोक पडलं. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "सॉरी काकू."

फिल्ममध्ये खोट नाही. आता बघायला हवं ते तिच्या यंत्राकडे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सतरा फिल्म झाल्या आणि सतराही डोंगर.

विभागप्रमुख येऊन गेले. बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात, म्हणून मी त्यांना घड्याळबुवा म्हणते. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, बावीस मार्चला बाहेरचे तीन परीक्षक येणार. तोवर लेसर दाखवता आला नाही तर ही खोली दुसऱ्या गटाला जाईल आणि मॅडमची नेमणूकही संपेल. मग घड्याळ बघून निघून गेले.

पोरगी बराच वेळ पेन उघडझाक करत बसली होती. मी तिला म्हटलं, "मॅडम, माझ्याकडून आता कणभरही कसूर होणार नाही." आणि आजपासून मी मिश्रण दोनदा गाळायला लागले.

१४ फेब्रुवारी, बुधवार

चोविसावी फिल्म. दोनदा गाळून. डोंगर.

हे म्हणतात की हल्ली मी भांडी घासताना गुणगुणते. काहीतरीच. ओव्हनजवळच्या कोरड्या हवेने घसा खवखवतो, तो साफ करते. यांनी जन्मभर शिंपीकाम केलं, मशीनच्या आवाजात कान गेलेत.

१ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो. तिथे ऊन येतं. आज पोरीने डबा उघडलाच नाही. तिच्या वडिलांचं बल्ब-ट्यूबचं दुकान आहे. काल फोनवर त्यांनी तिला म्हटलं, "दिवेच लावायचे असतील, तर दुकान आहेच की."

"ते चिडवतात हो," ती म्हणाली. "पण काकू, मला दुकानात नाही बसायचं. चार वर्षं झाली या एका सुईच्या मागे. मला ती एकदा बघायचीय."

मी म्हटलं, यंत्र दुरुस्त करून घेऊ. तिने मान हलवली. यंत्र तिने तीनदा तपासलंय. "माझ्याच गणितात चूक असणार. पावडर किती घातली ते मला माहितीये, त्यावरून प्रकाश किती भटकायला हवा ते मी काढलंय. तो तेवढा भटकत नाहीये. तुमच्या फिल्मवर तर शंका घ्यायला जागाच नाही."

खरंच आहे ते. तरी वाईट वाटलं. मी माझ्या डब्यातलं अर्धं तिच्या झाकणात वाढलं आणि ती खाईपर्यंत हलले नाही.

१२ मार्च, मंगळवार

दहा दिवस उरले आणि आज फिल्टर संपले! चाळीस फिल्म झाल्या, फिल्टर संपणारच. मीच लक्ष ठेवायला हवं होतं. नवा डबा परवा येणार.

पावडरची नवी बाटली उघडून मिश्रण तर तयार केलं होतं. फेकवेना, म्हणून तसंच न गाळता ओतलं. जे निघालं ते बघवत नव्हतं. रवाळ, मळकट, साय धरलेल्या दुधासारखं. कारखान्यात कुणी असलं आणलं असतं तर मी त्याला दारातूनच परत धाडलं असतं. नंबरही न घालता रद्दीच्या ट्रेमध्ये टाकली. उद्या मी सुट्टी घेतलीय, यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आल्यावर आधी ती फेकायची, कुणाच्या नजरेला पडायच्या आत.

१३ मार्च, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर असंच येणार.

यांच्या डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे पोरगी नुसती किंचाळत होती. "काकू, सुई! सुई!"

"कुठे टोचली?" मी घाबरून विचारलं.

"आलेखात, काकू! आलेखात!"

तपासणी तशीच टाकली आणि यांना हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. बाहुल्या विस्फारलेल्या, यांना धड पायऱ्या दिसत नव्हत्या. खोलीत पोरगी काळा पडदा बाजूला करून उभी होती, केस पिंजारलेले, गालावर शाई. तिने बटण हळूहळू फिरवलं. डोंगर. थोडं पुढे, डोंगरच. अजून एक केसभर पुढे, आणि त्या डोंगराच्या मधून एक बारीक, उभी, लखलखीत रेघ सरळ पडद्याच्या कडेपर्यंत गेली. बटण मागे घेतलं की ती नाहीशी व्हायची. पुढे नेलं की हजर!

माझा जीव असा भांड्यात पडला की मी स्टुलावरच बसले. ह्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, तुम्हाला काय दिसलं? म्हणाले, "काही नाही. पण तुम्ही दोघी ओरडलात ना?"

मग पोरगी म्हणाली, "आज तयार फिल्म नव्हती म्हणून ट्रेमधली घेतली. काकू, हिच्यात वेगळं काय केलंत?"

माझी नजर फिल्मवर गेली. तीच ती, रवाळ. माझ्या तोंडून निघालं, "पावडरची नवी बाटली उघडली होती."

हे खोटं नाही. बाटली नवीनच होती.

१४ मार्च, गुरुवार

फिल्टरचा डबा आला. पोरगी घड्याळबुवांकडे गेली होती तेवढ्यात मी एकच मिश्रण करून दोन भाग केले. एक गाळून ओतला, एक तसाच. दुपारी तिने दोन्ही लावून बघितल्या. कुठली कुठली ते मी सांगितलं नाही, गाळलेली तिला आधीच्या फिल्ममधलीच एक वाटली. गाळलेलीचा डोंगर, न गाळलेलीची सुई.

फिल्टर वाळवून काट्यावर ठेवला. घातलेल्या पावडरीतली पाऊण तरी त्याच्यावर होती. पाऊण! पोरगी कागदावर पूर्ण पावडर धरून गणित मांडत होती, आणि प्रकाशाने ज्यांच्यावर आपटायचं ते कणच फिल्ममध्ये नव्हते. दोन महिने मी तिचा लेसर बेसिनमध्ये धुऊन टाकत होते. आणि वर तिच्या यंत्राला नावं ठेवत होते.

उद्या सांगेन.

१८ मार्च, सोमवार

नाही सांगितलं. शुक्रवारी सांगणार होते, तर तिने मजल्यावरच्या सगळ्यांना आइस्क्रीम आणलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "या आमच्या काकू, यांच्या हातात जादू आहे." आज सांगणार होते, तर तिने नवी बाटली आणि जुनी बाटली यांच्यावर अख्खा सिद्धांत मांडून ठेवलाय. नवी पावडर जास्त शुद्ध, म्हणून जमलं म्हणे. एवढंच नाही, दूरच्या एका प्रयोगशाळेत एका माणसाला हीच अडचण आहे, त्यालाही तिने कळवलं की जुनी पावडर फेकून दे. तो बिचारा आता चांगली पावडर फेकणार.

मी न गाळता फिल्म करतेय आणि मूग गिळून बसलेय. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवलं. आपल्या चुकीकडे दाखवायची वेळ आली तर बोट उचलत नाही.

ह्यांनी जेवताना विचारलं, "काय झालंय? घसा बरा झाला वाटतं, चार दिवस आवाज नाही." मग सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माप चुकलं असेल, तर गिऱ्हाईक कोट घालायला येण्याच्या आधी सांगावं. आरशासमोर उभं राहिल्यावर सांगितलं की दोघांची फजिती."

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर गेले, सांगायचंच म्हणून. पोरगी बहिणीचा कोट घालून आली होती, बाही लांब, टाचणीने दुमडलेली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बघा ना काकू, कशी गार पडलेय." मी तिच्या बाहीची टाचणी नीट करत बसले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

अकराला तीन परीक्षक आले. दोघे पुरुष आणि काठी टेकत चालणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. सुई दाखवली, तिघांनी माना डोलावल्या. घड्याळबुवासुद्धा हसले. मग पोरगी बाटल्यांच्या सिद्धांतावर आली आणि काठीवाल्या बाईंनी विचारलं, "जुन्या बाटलीतली पावडर घेऊन पुन्हा करून पाहिलंत?"

"नाही, पण..."

"मग कारण बाटलीच, हे कशावरून?"

पोरगी गडबडली. कागद उलटे-सुलटे केले. बहिणीच्या कोटाची टाचणी सुटली आणि बाही हातावर घसरली. बाईंनी पुन्हा विचारलं, आणि पोरीने माझ्याकडे बघितलं. माझ्यावर केवढा विश्वास होता त्या नजरेत.

मी उठून उभी राहिले. "कारण बाटली नाही. कारण मी आहे."

मग सगळं बोलले. गाळणं, दोनदा गाळणं, बेसिन, रद्दीचा ट्रे. बारा तारखेची फिल्म लाजेने फेकणार होते तेही. चौदा तारखेपासून मला माहीत होतं आणि मी गप्प बसले तेही.

बाईंनी विचारलं, "किती फिल्म गाळल्या?"

"एकेचाळीस."

"कुठली एकदा, कुठली दोनदा, कुठल्या फिल्टरने, याची काही नोंद?"

या प्रश्नाचा मात्र मला रागच आला. "नोंद नसेल कशी?" आणि खणातून माझी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. एकेचाळीस ओळी. प्रत्येक फिल्म आपापल्या पाकिटात, नंबरासकट.

बाईंनी पानं उलटली. मग शेजाऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे कण कमी होत गेले की लेसर कुठे मावळतो, ते दाखवणारे एकेचाळीस नमुने इथे तयार पडलेत. मुद्दाम करायला बसलं तर एवढ्या काळजीने कोण करेल?" त्यांनी तिथल्या तिथे सहा फिल्म लावून बघायला सांगितल्या. दोनदा गाळलेल्यांचा डोंगर पसरट, एकदा गाळलेल्यांचा थोडा अरुंद, न गाळलेलीची सुई. ओळीने, शिस्तीत.

चार वाजता निकाल कळला. खोली राहिली. पोरीची नेमणूक दोन वर्षांनी वाढली. मला घड्याळबुवांनी नमस्कार केला, मनगटाकडे न बघता.

पण पोरगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. परीक्षकांबरोबर निघून गेली.

२३ मार्च, शनिवार

घरातले पडदे धुतले. राजीनामा लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.

२४ मार्च, रविवार

अकराला दार वाजलं. ह्यांनी उघडलं आणि आत येऊन नुसते भुवया उंचावून उभे राहिले. मागे पोरगी. पहिल्यांदाच घरी आली होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

"गाळलंत त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "आठ दिवस माहीत असून मला बोलला नाहीत त्याचा आहे. मी त्या माणसाला पावडर फेकायला सांगून बसले! काल दिवसभर त्याची माफी मागत होते."

"लाज वाटली गं," मी म्हटलं. मॅडम म्हणायचं विसरूनच गेले. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या. स्वतःची सांगायची सवयच नाही मला."

ती एकदम खुर्चीत बसली. "आणि मला नसेल लाज वाटत? चार वर्षं प्रकाश शिकले, आणि काचेसारखी फिल्म हातात आली तर टाळ्या पिटल्या. एवढे कण असतील तर ती दुधाळ दिसायला हवी, हे मला कळू नये? कुणालाही कळलं असतं. पण तुमच्या फिल्म इतक्या सुंदर असायच्या काकू, की मी विचारलंच नाही." डोळे पुसत होती आणि हसतही होती. मग मलाही आवरेना. आम्ही दोघी रडतो की हसतो ते न कळून ह्यांनी चहा ठेवला.

चहा झाल्यावर मी राजीनाम्याचा कागद पुढे केला. तिने वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. पिशवीतून कोरी वही काढली.

"आता सांगा. फिल्म कशी करता? अगदी पहिल्यापासून. सांगण्यासारखं नाही असं तुम्हाला वाटतं ते आधी सांगा."

मी सांगायला लागले. अंगठी काढून ठेवते. काच आधी गरम पाण्याने, मग गार पाण्याने धुते. पावडर तोलताना खिडकी बंद करते. ढवळणी एकदम थांबवत नाही, वेग कमी करत आणते. ती प्रत्येक गोष्टीला थांबवून विचारायची, "का?" निम्म्या वेळा मला उत्तर माहीत नव्हतं. तिथे ती प्रश्नचिन्ह काढायची आणि म्हणायची, हे आपण करून बघू.

मशीनवरून हे मध्येच बोलले, "ओव्हन उघडताना श्वास रोखून धरते, तेही लिहा. घरीसुद्धा भांड्यावरचं झाकण काढताना धरते."

"मी? मुळीच नाही."

"धरता काकू," पोरगी म्हणाली. "रोज बघते मी. का धरता?"

मी विचार केला. श्वास लागला की ओल्या फिल्मच्या कडेला सुरकुती येते. कुणी शिकवलं, आठवत नाही. तिने लिहिलं, पायरी सव्विसावी.

साडेतीन वाजेपर्यंत त्रेचाळीस पायऱ्या झाल्या आणि अजून फिल्म काचेवरून सुटायची होती. मग तिने पहिलं पान उघडलं आणि वर दोन नावं लिहिली. एक तिचं, शेजारी माझं. या सगळ्याचा शोधनिबंध ती विज्ञानाच्या मासिकाकडे पाठवणार आहे, जगात कुणीही वाचेल असा. माझं नाव आजवर रंगाच्या डब्यावरसुद्धा कधी छापलं गेलं नव्हतं.

"आणि मी चुकले ते कुठे लिहिणार?" मी विचारलं. "शेवटी, बारीक अक्षरात?"

"छे," ती म्हणाली. "ते तर शीर्षकच आहे."

तिने नावांच्या वर ठळक अक्षरात ते लिहिलं, 'गाळत गेलं की लेसर कुठे मावळतो: एकेचाळीस फिल्म', आणि मला वाचायला दिलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. एका ठिकाणी शब्द चुकला होता, तो दुरुस्त करायला लावला.